नाला कुठे हरवतो? सातपुड्याच्या पायथ्याचं छोटं पाणलोट पायी बघण्याची रीत

ऑक्टोबरात बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने रावेरहून चोपड्याकडे निघा. सावदा, फैजपूर, यावल करत जाताना दर थोड्या वेळाने एक पूल लागतो आणि बहुतेक पुलांखाली नुसते गोटे. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर नाला कोरडा. नवखा माणूस म्हणतो, जंगल तुटलं, सगळं पाणी वाहून गेलं. त्यात तथ्य आहेच. पण त्याच नाल्याचा काठ धरून उत्तरेला डोंगरात शिरलात तर घोट्याएवढं निवळशंख पाणी वाहताना दिसतं. वर पाणी आहे, खाली नाही. म्हणजे मधे कुठेतरी ते हरवतं.

ती हरवण्याची जागा स्वतःच्या पायांनी कशी शोधायची, एवढंच या लेखात सांगायचंय. नाल्यातला खडक, झाडं, किडे, विहिरी हे सगळं त्या शोधात आपोआप येतं. शिक्षक, विद्यार्थी, पाणलोटाच्या कामावर नव्याने लागलेली मुलं किंवा नुसती हौस म्हणून फिरणारे, कोणालाही जमेल.

आधी नकाशा, मग बूट

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) २० मीटर उंचीचा फरक. या रेषा नाल्यापाशी इंग्रजी व्हीसारख्या वळतात आणि व्हीचं टोक नेहमी वरच्या बाजूला, म्हणजे उगमाकडे असतं. डोंगरधारेवर वळतात तेव्हा टोक उताराकडे. एवढं ओळखता आलं की पेन्सिल घ्या आणि तुमच्या नाल्याला पाणी देणाऱ्या सगळ्या टेकड्यांच्या माथ्यावरून रेघ ओढत गोल फिरून परत नाल्यावर या. आतलं सगळं तुमचं पाणलोट. वाटेत ही रेघ कुठेही नाल्याला ओलांडत नाही. ओलांडली असेल तर चुकलंय, खोडा.

सुरुवातीला चार-पाच चौरस किलोमीटरचंच पाणलोट निवडा. हौसेने सुकी नाहीतर अनेरसारखी अख्खी नदी घेऊन बसलात तर उन्हाळा संपेल, नदी संपणार नाही.

मग फाटे मोजा. ज्या घळीला वरून दुसरी घळ मिळत नाही ती पहिल्या श्रेणीची. पहिल्या श्रेणीच्या दोन मिळाल्या की दुसरी, दुसऱ्या श्रेणीच्या दोन मिळाल्या की तिसरी. दुसरीला पहिली येऊन मिळाली तर श्रेणी बदलत नाही, इथे नवखे हमखास चुकतात. छोट्या पाणलोटातला नाला पायथ्याला येईपर्यंत तिसऱ्या नाहीतर चौथ्या श्रेणीचा झालेला असतो.

निघण्याआधी एक हिशेब वहीत लिहा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. ५ चौरस किलोमीटर म्हणजे ५०० हेक्टर. एका रात्रीत ५० मिलिमीटर पडला, तर त्या एवढ्याशा खोऱ्यात २५ कोटी लिटर पाणी पडलं. त्यातलं सगळं नाल्यात येत नाही हे खरं, पण आकडा डोक्यात असू द्या.

कधी जायचं, आणि कधी अजिबात नाही

वर्षातून तीन खेपा तरी हव्यात: पावसाची उघडीप पडली की जुलै-ऑगस्टात एक, ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक, आणि एप्रिल-मेमध्ये एक. एकाच खेपेत नाला कळला म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

डोंगराच्या माथ्यावर ढग काळे असतील तर तुमच्या डोक्यावर कितीही ऊन असो, पात्रात उतरू नका. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावकरांनी हे बघितलंय. पाऊस सातमाळ्याच्या डोंगरावर झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि डोंगरी आणि तितूर नद्यांचं पाणी गावात शिरलं. आखूड, तीव्र उताराच्या नाल्याला पूर यायला तास-दीड तास पुरतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला की सामान गोळा करत बसू नका, काठावर चढा.

यावल अभयारण्य १९६९ चं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. तिथे जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. आत दगड, झाडपाला, किडा काहीही उचलून घरी आणायचं नाही. फोटो काढा, चित्र काढा. पाड्यातला एक जाणता माणूस सोबत घ्या, आणि त्याचा दिवस बुडतो तर त्याची मजुरी द्या. हे बरेच अभ्यासक सोयीने विसरतात.

सामान फार लागत नाही. ३० मीटरची टेप, दहा लिटरची बादली, चहाची मोठी गाळणी, पांढरं पसरट ताट, भिंग, वही, पेन्सिल (पेनाची शाई ओली झाली की पसरते), मोबाईल, काठी. आणि चार लिंबं. लिंबांचं पुढे सांगतो.

वरून सुरुवात करा

सगळे पुलापासून वर चढतात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. त्यात होतं काय, की डोंगरात पोचेपर्यंत ऊन चढतं, माणूस दमतो आणि उगमाची सगळ्यात बोलकी जागा घाईत उरकली जाते. शक्य असेल तर गाडीवाटेने वर जा आणि पाण्याबरोबर खाली या.

वर सगळा काळा खडक. दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा पुन:पुन्हा वाहिला आणि थरावर थर साचला. हे थर डोळ्यांनी ओळखता येतात. घळीच्या भिंतीसमोर उभे राहा. एक पट्टा घट्ट, उभ्या चिरा पडलेला, हातोडीला दाद न देणारा. त्याच्या वर भोकाभोकांचा, जाळीदार पावासारखा खडक. लाव्ह्यातले वायूचे फुगे तिथे अडकून राहिलेले. कित्येक भोकांत पांढरे, चमकदार खडे भरलेले दिसतात. यातले बरेच झिओलाईट जातीचे. जळगाव-सावदा भागातल्या खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे आहेत, आणि आपली पोरं त्यांनाच गारगोट्या म्हणून भिरकावतात.

दोन लाव्हांच्या मधे कधी कधी तांबड्या, गेरूसारख्या मातीची पट्टी दिसते. बोटभर नाहीतर हातभर जाडीची. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरचा खडक झिजून झालेला हा थर. ही पट्टी सापडली की तिथेच थांबा आणि हात लावून बघा. वरच्या चिरांतून, भोकांतून झिरपत आलेलं पाणी या चिकट मातीवर नाहीतर खालच्या घट्ट खडकावर अडतं आणि आडवं सरकत बाहेर येतं. शेवाळाचा हिरवा पट्टा, फर्न, थेंब थेंब ओल. झरा म्हणतात तो हाच. उगम म्हणजे देवळातल्या गोमुखासारखी एक धार असेल असं वाटत असतं. प्रत्यक्षात बहुतेक नाल्यांचा उगम हा असा पाच-पन्नास फूट लांबीचा ओला पट्टा असतो.

धार असेल तर मोजा. पन्हाळीसारखं पान नाहीतर पत्रा लावून पाणी बादलीत घ्या. दहा लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. तीन वेळा भरून सरासरी काढा. हाच आकडा मे महिन्यात पुन्हा घेतला की झऱ्याच्या पोटात किती साठा आहे याचा अंदाज येतो. ऑक्टोबरात जोरात आणि डिसेंबरात गायब असेल तर साठा वरवरचा. ऑक्टोबरात मध्यम आणि मेमध्येही चालू असेल तर तो झरा जपण्यासारखा.

झाडंही इथेच लिहून घ्या. खडकाळ कोरड्या धारेवर सालई, कांडोळ, अंजन. उतारावर साग, धावडा, टेंभुर्णी. आणि घळीत उतरताच उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन. ही रेघ काही पावलांत बदलते. अर्जुनाची पांढुरकी खोडं दुरून ओळीने दिसली की नाला न बघताही नाल्याची वाट सांगता येते. या सागवानात रानपिंगळा राहतो. १८८४ नंतर कोणालाच न दिसलेलं हे पाखरू नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. तो भरदिवसा उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे मान वर करून चाला. मी अजून बघितलेला नाही.

मधला भाग: दगड उलटा करून बघा

डोंगर उतरून नाला जरा रुंद झाला की एक ठेका दिसायला लागतो: उथळ खळाळ, मग डोह, मग पुन्हा खळाळ. खळाळात पाणी हवा घेतं, डोहात गाळ आणि पानं बसतात. हिवाळ्याअखेर साग झडतो तेव्हा डोहांचं पाणी चहासारखं तांबूस होतं. लोक त्याला घाण समजतात. ती घाण नाही, पानांचा अर्क आहे. दाट सावलीच्या वरच्या नाल्यात शेवाळ फार वाढत नाही, तिथल्या जिवांची भाकरी म्हणजे ही पानंच. बुरशी पानं मऊ करते, किडे ती कुरतडतात, मासे किडे खातात.

खळाळात उतरा. तळहातापेक्षा मोठा दगड निवडा, त्याच्या खालच्या अंगाला प्रवाहात गाळणी धरा आणि दगड सावकाश उचला. दगड ताटात पाण्यावर धरून बोटाने पुसा. आधी काहीच दिसत नाही. अर्धा मिनिट हलू नका. मग पांढऱ्या ताटात एक कण सरकतो, दुसरा सरकतो. चपटा, तीन शेपट्यांचा, पोटाच्या दोन्ही कडांना झालरीसारखे कल्ले फडफडवणारा किडा म्हणजे मेफ्लायचं पिल्लू. दोनच शेपट्या आणि अंग दणकट असेल तर बहुधा स्टोनफ्लाय. वाळूचे कण चिकटवून केलेली नळी चालायला लागली तर आत कॅडिसफ्लायची अळी आहे. स्वतःच्या रेशमाने ती हे घर शिवते. हे तिघे भेटले तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. उलट, गाळात लालभडक बारीक अळ्याच अळ्या आणि बाकी कोणी नाही, तर वरच्या अंगाला काहीतरी सडतंय. पाड्याचं सांडपाणी, मेलेलं ढोर, काहीही. वर चालत जाऊन शोधा.

सावलीचं महत्त्व इथेच कळतं. २० अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांला साडेसात. काठाचे चार अर्जुन तोडले की डोह तापतो आणि स्टोनफ्लाय आधी जाते.

बघून झालं की किडे होते तिथेच सोडा आणि दगड जसा होता तसाच पालथा ठेवा. दगडाची खालची बाजू हे त्यांचं घर आहे.

मासे ओळखायला वेळ लागतो, पण एक लगेच जमेल. दगडाला तोंड चिकटवून प्रवाहात टिकून राहणारा मळ्या. कर्नल साईक्सने १८३९ मध्ये दख्खनचे मासे नोंदवताना आपल्या लोकांचंच नाव उचललं. आजही शास्त्रात तो गारा मुल्या. उन्हाळ्यात वाहणं थांबलं की हे सगळे उरलेल्या डोहांत दाटीवाटीने राहतात. म्हणून मेमधल्या एका डोहात ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरणारा माणूस त्या दिवसाचं कालवण आणि पुढच्या पावसाळ्याचं बी दोन्ही एकदम संपवतो.

पात्र कोरडं असेल तेव्हा दगड बघा. चपटे दगड एकमेकांवर कौलांसारखे कललेले असतात, वरची कड खालच्या दिशेला झुकलेली. काठावरच्या करंजाच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे ते टेपने मोजा. तिथवर पूर आला होता. कोणाच्या आठवणीपेक्षा तो कचरा जास्त भरवशाचा.

लिंबू सोडा

आता खरी कामगिरी. जिथे नाला डोंगराच्या तोंडातून बाहेर पडतो तिथे पाण्याचं माप घ्यायचं. दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा. वर एकजण लिंबू सोडतो, खाली दुसरा वेळ बघतो. आम्ही पहिल्या वर्षी रिकामी प्लॅस्टिकची बाटली सोडली होती. पश्चिमेच्या वाऱ्याने ती अर्ध्यात फिरून काठाला लागली आणि आमचं माप निघालं उणे. लिंबू जवळजवळ सगळं पाण्यात बुडून तरंगतं, त्याला वारा धरत नाही.

समजा, १० मीटरला २५ सेकंद लागले. वेग सेकंदाला ०.४ मीटर. पाण्याची रुंदी २ मीटर, पाच ठिकाणी काठीने मोजलेली सरासरी खोली १५ सेंटिमीटर, छेद ०.३ चौरस मीटर. गुणाकार ०.१२. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जलद धावतं, म्हणून ०.८ ने गुणा: ०.०९६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ९६ लिटर.

मग अर्धा किलोमीटर खाली या आणि तेच पुन्हा करा. मधे कोणी मोटर लावलेली नाही ना, पाट काढलेला नाही ना, हे बघत या. समजा, इथे भरले ४० लिटर. तर ५६ लिटर दर सेकंदाला वाटेत जमिनीत गेले. दिवसाचे ४८ लाख लिटर. आणखी खाली चाला. पाणी गोट्यांत शिरतं, एका डबक्यात दिसतं, पुन्हा शिरतं, आणि मग एका जागी नुसती ओली वाळू उरते. मोबाईलवर ती जागा टिपा, तारीख घाला. हाच तो हरवण्याचा बिंदू. तो पावसाळ्यात खाली सरकतो, हिवाळ्यात वर चढतो.

तो तिथेच का? उत्तर तुमच्या पायाखाली आहे. सातपुडा आणि तापीचं खोरं यांच्या सांध्यात जमीन खचलेली आहे. डोंगराचा तीव्र उतार इथे एकदम संपतो, पाण्याचा जोर संपतो आणि ओझं खाली पडतं. जड गोटे आधी, मग खडी, पुढे वाळू, आणि बारीक पोयटा तापीपर्यंत. लाखो वर्षं शेजारशेजारच्या नाल्यांनी आपापल्या पंख्यांसारख्या राशी ओतल्या आणि त्या एकमेकींत मिसळून डोंगराच्या पायाशी गोट्यांचा सलग पट्टा तयार झाला. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. पोकळ्या एवढ्या, की नाला त्यावर आला की चाळणीत ओतल्यासारखा खाली जातो. खात्री करायची तर दर २०० मीटरवर न बघता ५० दगड उचला आणि त्यांची मधली जाडी मोजून सरासरी लिहा. खाली येताना आकडा कसा उतरत जातो ते बघण्यासारखं आहे.

गेलेलं पाणी वाया जात नाही. ते दक्षिणेला सरकत गाळाच्या वाळूच्या थरांत पोचतं आणि रावेर-यावलच्या केळीच्या विहिरींत, बोअरमध्ये निघतं. म्हणजे केळीचा घड ज्या पाण्यावर पोसतो ते पाणी डोंगरातल्या त्या तांबड्या पट्टीपासून आलेलं असू शकतं. उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला म्हणूनच हे तालुके भूजलाच्या अतिशोषित यादीत आलेले आहेत.

बंधारा बघताना

आमच्या भागात बझाड्यावर बांधलेल्या एका बंधाऱ्याला गाव वर्षानुवर्षं शिव्या देतं: "पैसे खाल्ले, चार दिवस पाणी टिकत नाही." मीही देत होतो. लिंबाचं माप शिकल्यावर जीभ चावली. या पट्ट्यात पाणी न टिकणं हेच बंधाऱ्याचं काम. दिवाळीपर्यंत तुडुंब भरून राहिला तर समजायचं, तळाला बारीक गाळाचा लेप बसला आणि चाळणी बुजली. उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या पोटात हातभर खड्डा घ्या. वर भेगाळलेली गुळगुळीत पापडी आणि खाली स्वच्छ खडी दिसली, तर ती पापडी खरवडून शेतात टाकायची वेळ झाली. नवा बंधारा मागण्याआधी हे करा. फुकटात होतं, म्हणूनच कोणी करत नाही.

पण हा न्याय सगळीकडे लावू नका. खाली, तापीकडच्या गाळात पिवळ्या चिकट मातीचे जाड थर पाणी आत जाऊ देत नाहीत. शिरपुरात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी यंत्राने नाले खोल-रुंद करून पाणी त्याखालच्या वाळूच्या थरांपर्यंत नेलं, ते तिथल्या जमिनीला धरून होतं. तेच यंत्र आणून डोंगरातला खडक फोडलात तर झऱ्याचा तळच फुटू शकतो. धुळे-नंदुरबारकडे वेगळंच. तिथे बेसाल्ट चिरत गेलेल्या उभ्या भिंती आहेत, डाईक म्हणतात त्या. दोनशेहून जास्त, सर्वांत लांब जवळपास ८० किलोमीटर. पूर्व-पश्चिम पसरलेल्या, दगडी बांधासारख्या दिसणाऱ्या लांबच लांब टेकड्या त्याच. डाईक नाल्याला आडवा आला आणि घट्ट असला की वरच्या अंगाला पाणी अडतं, खालच्या अंगाची विहीर कोरडी. चिरा पडलेला असला तर उलटंही होतं. म्हणून विहिरींची पातळी दोन्ही बाजूंना मोजल्याशिवाय बोलू नका.

मेमधली खेप

ही टाळू नका, उन्हाचं निमित्त सांगून. पहाटे निघा. पात्र पांढरं पडलेलं असतं आणि हरवण्याचा बिंदू डोंगरात चढलेला असतो. गेल्या मेमध्ये आमच्यासोबत पाड्यातले एक पावरा आदिवासी बाबा होते. मी विचारलं, "बाबा, झिरा कुठे घ्यायचा?" झिरा म्हणजे पाण्यासाठी वाळूत उकरलेला खड्डा. त्यांनी वळणावरची गार वाळू दाखवली नाही. पात्रातून आडवा गेलेला काळ्या खडकाचा उंबरठा दाखवला आणि त्याच्या वरच्या अंगाला तीन पावलं जाऊन बसले. तिथे रात्री रानडुकरांनी वाळू उकरलेली होती. "हे आधी येऊन गेले," म्हणाले.

त्यांनी दोन्ही हातांनी उकरायला घेतलं. वीतभर कोरडी, मग गार, मग गडद. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांच्या पेरांशी पाणी चमकलं. पहिल्या चार ओंजळी गढूळ निघाल्या, त्या त्यांनी बाजूला टाकल्या आणि बिडी काढली. मी घाई केली तर हाताने थांबवलं. बिडी संपेपर्यंत वाळू खाली बसली आणि खड्ड्यात आभाळ दिसायला लागलं.

वहीत मी तारीख, खड्ड्याची खोली आणि उंबरठ्यापासूनचं अंतर लिहिलं. निघताना बाबांनी झिऱ्याची एक कड पायाने उतरती करून ठेवली. तेवढ्या उतारावरून पाखरांना पाण्यापर्यंत जाता येतं.